मुक्कामाचं वय

सोयाबीन निघायला लागलं की रिसोडच्या हवेला एक खरखरीत चव येते. बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक्टर एकामागे एक उभे असतात, थ्रेशरमधून उडालेलं कुटार गावाच्या कडेनं तरंगत येतं आणि संध्याकाळी केस विंचरले तर फणीत पिवळा भुसा निघतो. दिवसा ऊन भाजतं, दिवेलागणीला अंगावर काटा येतो. याच दिवसांत आमच्या गल्लीत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणेश आणि भोवती ज्वारीच्या धांड्यांचं मखर. आता सोयाबीनच्या राज्यात ज्वारी पेरतं कोण? चार धांडे मिळवायला कुणाच्या तरी मामाला फोन करावा लागतो. पण टिपऱ्या तशाच वाजतात. आणि टिपऱ्या वाजल्या की मी खिडकी लावून घेते, ही माझी जुनी सवय.

यंदा खिडकी लावायला उठले तर दारात श्वेता उभी. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेली, शाळेत शिकवते. तिची आर्वी नऊ वर्षांची आहे.

"काकू, एक विचारू का? आर्वीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. तिच्या घरी स्लीपओव्हर पार्टी आहे म्हणे. पाच पोरी रात्री तिथंच झोपणार, सकाळी पोहे खाऊन घरी. ही तर नाइट ड्रेस काढून बसली. पाठवू का हो? कितव्या वर्षी पाठवावं? तुमची तर मोठी झाली, तुम्ही केव्हा पाठवलं होतं?"

मी वाचनालयात काम करते. बोलण्याचं काम कमी, 'शांतता राखा' ही पाटी माझ्या डोक्यावरच लावलेली आहे. पण त्या दिवशी मी चटकन बोलले. "दहा-बारा वर्षांची होऊ दे. अजून लहान आहे." श्वेतानं मान हलवली आणि गेली. मी खिडकी लावली आणि तिथंच उभी राहिले. कारण मी माझ्या मुलीला दहाव्या वर्षी पाठवलं नाही, बाराव्या वर्षीही नाही. मी तिला कधीच पाठवलं नाही. आणि का पाठवलं नाही, ते मी कुणालाच खरं सांगितलेलं नाही.

मुलीचं नाव इथं पल्लवी लिहिते. तिच्या मैत्रिणीचं सना.

सनाचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. तिचे अब्बा सायकली दुरुस्त करायचे आणि तिची आई, रझियाभाभी, कपडे शिवायची. माझे सगळे ब्लाउज तिच्याच हातचे. माप घ्यायला गेलं की आधी पाट, मग चहा, मग गल्लीभरच्या गोष्टी, आणि निघताना आठवण यायची, "अवो ताई, माप तं घेतलंच नाई!" सना आणि पल्लवी एका बाकावर बसत, एका टिफिनमध्ये खात. भुलाबाईच्या दिवसांत सना आमच्या घरी येऊन पल्लवीच्या वेण्या घालून द्यायची आणि दोघी टिपऱ्या घेऊन घरोघर फिरायच्या. सगळी गाणी सनाला पाठ होती. एखादी नवी पोरगी चुकली की सना कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अशी नाई व, आधी सासरा येते, मग सासू!"

गाणी झाली की खाऊ ओळखायचा. यजमानीण डबा बंदच ठेवते, नुसता वाजवून दाखवते, आणि पोरी तर्क करतात. गोड का तिखट? गोल का चपटा? सनाचं नाक असं होतं की डबा वाजायच्या आधीच ती "मुरमुऱ्याचा चिवडा, कढीपत्ता जास्त झाला" म्हणून सांगायची. बायका कौतुकानं चिडायच्या. मी एकदा तिला हरवायला डब्यात कापूर ठेवला होता. तिनं डबा हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू लपवून राह्यल्या काही तरी."

त्या वर्षी पल्लवी नऊ संपून दहाव्यात होती आणि मी खरंच काही तरी लपवत होते.

माझी मुलगी झोपेत गादी ओली करायची. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, परीक्षेच्या दिवसांत जास्त. सूर्य मावळल्यावर पाणी बंद केलं. तीळगूळ खाऊ घातला. एका आजींच्या सांगण्यावरून दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, आपोआप जाईल, रागवू नका. मी रागवले नाही. मी त्याहून वाईट केलं, मी त्याविषयी बोललेच नाही. सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत चादर धुवून मागच्या अंगणात भिंतीआड वाळत घालायची. गादी उभी करून पंख्यापुढं ठेवायची. पल्लवी अंगावर कोरडा फ्रॉक चढवून कोपऱ्यात दप्तर भरत बसायची. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो नाही. मला वाटायचं, न बोलण्यानं मी तिला जपते आहे. आता वाटतं, की ही बोलण्यासारखी गोष्टच नाही, एवढी घाण आहे, हेच मी तिला रोज सकाळी शिकवत होते.

हे मी कुठून शिकले तेही सांगते. माझं आजोळ शिरपूरकडचं. उन्हाळ्यात आम्ही सगळी मावस-मामेभावंडं अंगणात ओळीनं झोपायचो. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. एका सकाळी माझ्याखालची वाकळ ओली निघाली. मामी वाईट नव्हती, घाईत होती. तिनं ती वाकळ उचलली आणि समोरच्या रस्त्याकडच्या दोरीवर टाकली, जिथं लवकर ऊन यायचं. देवळाकडे जाणारी-येणारी माणसं त्या रस्त्यानं जात. आणि माझा मामेभाऊ ओसरीवरून ओरडला, "धरण फुटलं व धरण! पोरं हो, सामान उचला!" सगळे हसले. मामीही हसली. त्या सुट्टीत माझं नाव 'धरण' पडलं आणि पुढं कित्येक वर्षं लग्नाकार्यात टिकलं. त्यानंतर मी आजोळी मुक्काम केला नाही. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. आई सगळ्यांना सांगायची, "तिले माह्याबिगर झोपच येत नाई." आईचं ते खोटं मला पांघरुणासारखं वाटायचं. पुढं माझी मुलगी झाली, तेव्हा तेच पांघरूण मी तिच्यावर टाकलं.

कोजागिरी जवळ आली होती. रझियाभाभी दुपारी आमच्या घरी आली ती हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उलगडलं तर रात्री घालायचा सुती फ्रॉक. पांढऱ्या कापडावर बारीक निळी फुलं, गळ्याला लेस.

"एकाच थानातून दोन शिवले. एक सनाचा, एक पल्लूचा. कोजागिरीले पोरी आमच्या गच्चीवर झोपतीन. दूध आटवतो, बिछाने टाकतो, मी पन वरतेच झोपतो त्यायच्याजोळ. पाठोशीन ना, ताई? सनानं तं जीव खाल्ला माहा."

पल्लवी दाराआड उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला दिसलं ते एवढंच: पहाट, गच्ची, निळ्या फुलांचा ओला फ्रॉक, आणि गच्चीच्या दोरीवर सगळ्या गावाला दिसेल अशी गादी.

मी म्हटलं, "नको भाभी."

"काहून व?"

"नको. लहान आहे अजून."

"लहान? सनाच्याच वर्गात तं आहे. मी असतो ना तठी."

"नको," मी म्हटलं. माझ्याजवळ तिसरा शब्द नव्हता. रझियाभाभीनं जरा वाट पाहिली. मग फ्रॉक तिथंच ठेवून ती उठली. "बरं. घालू दे तिले घरीच."

ती पायरीवर चपला घालत होती, तेवढ्यात शेजारच्या कुसुमकाकू कुंपणावरून बोलल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा. "बरं केलं बाई, नाई म्हटलं ते! त्यायच्या घरी रातची पोरगी कायले पाठवा लागते? दिवसा खेळनं येगळं."

रझियाभाभीचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. तिनं वर पाहिलं. काकूंकडे नाही, माझ्याकडे.

आणि मी मान हलवली.

बस, एवढंच. कुसुमकाकूंना मी 'हो' म्हटलं नाही, एक अक्षर बोलले नाही. नुसती मान हलवली, कुणी पोथी ऐकताना हलवतं तशी. कुसुमकाकू आता नाहीत. सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे आणि बरीच वर्षं मी ते मनातल्या मनात ढकललंही. पण त्या एक वाक्य बोलल्या. ते खरं ठरवलं मी.

का? याचं उत्तर मी त्याच दुपारी जाणत होते. गल्लीला कारण तर हवंच होतं. एक कारण खरं होतं, त्याला गल्ली हसली असती. दुसरं खोटं होतं, पण त्याला कुणी हसणार नव्हतं. उलट 'घराण्याची रीत सांभाळते' म्हणून चार बायका मला शहाणी म्हणाल्या असत्या. म्हणाल्याच. माझ्या मुलीच्या गादीवरचा डाग झाकायला मी रझियाभाभीचं घर वापरलं. एवढी वर्षं शब्द सापडत नव्हते असं मी म्हणत आले. शब्द होते, मला ते नको होते.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. रझियाभाभी माझे ब्लाउज शिवत राहिली, पण पाट मांडायची बंद झाली. दारातच पिशवी हातात द्यायची. "झालं हो ताई, पाहून घेजा." माप मात्र आता कधी विसरायची नाही. पुढच्या वर्षी भुलाबाईला सना आली नाही. विचारलं तर भाभी म्हणाली, "मोठी झाली आता." दोघी पोरी शाळेत सोबत होत्या, पण गल्लीतलं येणं-जाणं आटलं. मग सनाच्या अब्बांनी वाशीमला दुकान घेतलं आणि ते सगळे तिकडे गेले. निळ्या फुलांचा फ्रॉक पल्लवीनं घरीच घातला. तो मी किती वेळा धुतला, त्याची फुलं पुसट होईपर्यंत. अकराव्या वर्षी तिचं ते सगळं आपोआप थांबलं, डॉक्टर म्हणाले होते तसंच. तेव्हा तिला कुठंही झोपायला पाठवता आलं असतं. पण तेव्हा मी म्हणायला लागले होते, "आता तू काय लहान आहेस का, कुणाकडे झोपायला जायला?"

श्वेताच्या प्रश्नानं मला हेच दिसलं. 'लहान आहे' आणि 'मोठी झाली' ही दोन वाक्यं आमच्याकडे एकाला एक लागून असतात, मध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुलाला निदान शेतात जागलीला, गणपतीच्या मांडवात झोपायला मिळतं. पोरगी आईच्या कुशीतून निघते ती थेट सासरच्या नाहीतर होस्टेलच्या खाटेवर. मधल्या चार-दोन रात्री, परक्या घराच्या उशीचा वास, दुसऱ्या कुणाच्या आईनं पांघरूण सारखं करणं, अनोळखी छताकडे पाहत मैत्रिणीशी कुजबुजणं, हे तिच्या वाट्याला यायचं की नाही, ते आई काय लपवते आहे त्यावर ठरतं. मी काही आता असं म्हणत नाही की कुठंही पाठवा. घर पाहावं, माणसं पाहावीत, पोरीला विचारावं. पण रझियाभाभीचं घर मी पाहिलेलं होतं. त्या घरात पाठवायला भिण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते माझ्या घरात होतं.

त्या संध्याकाळी मी पल्लवीला फोन लावला. ती पुण्यात नोकरी करते, तीन मुलींसोबत खोली घेऊन राहते. मी चाचरत म्हटलं, "तुझी एक गोष्ट मला रझियाभाभीला सांगायची आहे. आणि जमलं तर लिहायचीही आहे. तू नको म्हणालीस तर नाही."

"कोणती, गादीची?" ती सहज म्हणाली. हा शब्द आमच्या दोघींमध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला.

"हो."

"सांग ना. लिही. माझं नाव बदल फक्त. पण आई, सनाले तर माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळंच. मीच सांगितलं होतं तिले, त्या कोजागिरीच्या आधी. मी म्हटलं, मी येईन पण असं असं होते. ती म्हणे, होऊ दे, मी करतो बंदोबस्त, कोणाले समजणार नाही." मग ती म्हणाली, "तू नको म्हटलंस तेव्हा मी तिले म्हटलं होतं, तुझ्या अम्मीले खरं सांग हवं तर. ती म्हणे, नाही, कसम खाल्ली आहे."

मी फोन ठेवला तेव्हा बाहेर टिपऱ्या चालू होत्या. नऊ-दहा वर्षांची एक पोरगी आपल्या आईचा अपमान रोज डोळ्यांनी पाहत होती. तो एका वाक्यात पुसून टाकता येईल, हे तिला ठाऊक होतं. आणि मैत्रिणीला शब्द दिला म्हणून ती गप्प राहिली. आम्ही दोघीही गप्पच होतो, सना आणि मी.

रविवारी मी एसटीनं वाशीमला गेले. दोन्ही बाजूंना काढून झालेली शेतं, मध्येच एखादं हिरवं तुरीचं. रझियाभाभीच्या घराचा पत्ता पल्लवीनं सनाकडून घेऊन दिला होता. सना आता अकोल्यात नर्स आहे.

भाभी जाड झाली आहे, चष्मा लागला आहे, मशीन तेच. मला पाहून उठली. "ताई? ये बापा. सगळं बरं हाय ना?" तिला वाटलं, कुणी गेलं.

मी पाणीही न पिता सांगितलं. गादी, चादर, गच्चीची दोरी, सगळं. ती ऐकत होती. मग एकदम चष्मा काढून म्हणाली, "मुताच्या पायी? या अल्ला! अवो, माहा मोठा पोरगा सलीम सातवीत गेला तवालोक ओलं करे! म्हनजे मी इतके साल तुले शिव्या देल्ल्या, त्या सगळ्या फुकट गेल्या?"

मला हसू फुटलं. तिनं हात वर केला.

"नाई, हासू नको. पोरीचं नाई सांगतलं, ठीक हाय. पोरीची अब्रू हाय ते. पन मान काहून हलवली?"

हाच प्रश्न होता. ती एवढी वर्षं तो जपून होती आणि मीही.

"खऱ्या कारणाला लोक हसले असते," मी म्हटलं. "त्या कारणाला कुणी हसलं नसतं."

"म्हनजे माह्या घराचं नाव सोपं पडलं तुले."

"हो."

ती मशीनवरच्या कापडाचा काठ बोटांनी सरळ करत राहिली. मी सनाचं सांगितलं. तिला माहीत होतं, तिनं कसम खाल्ली होती, म्हणून तुला बोलली नाही. भाभीची बोटं थांबली.

"त्या दिसी दुपारी," ती हळू म्हणाली, "तू नाई म्हनाच्या आंधीच, पोट्टीनं टेबलावरचं पिलास्टिक काढून, बिछान्याखाली टाकाले म्हनून गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. मी रागावली. म्हटलं, हे कायले? तं म्हने, अम्मी, रातचं दव पडते." तिनं पदर तोंडाला लावला. "दव पडते म्हने. एवढुशी होती वो."

ती रडली. मग तिनं चहा केला, जास्त गोड. मग पाट मांडला, चहा झाल्यावर. दिवस कलला तशी मी पिशवी उचलली.

"राय आज," ती म्हणाली.

"नको, घरी..." शब्द तोंडातून निघाला आणि आम्ही दोघींनीही तो ओळखला. मी पिशवी खाली ठेवली. घरी फोन केला तर आमचे हे म्हणाले, "मुक्काम? तू? तब्येत बरी आहे ना?"

झोपताना भाभीनं माझ्यासाठी पलंगावर गादी टाकली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय व, पिलास्टिक टाकू का? दव पडते." ती आपल्याच विनोदावर खूप हसली. मीही हसले.

सकाळी जाग आली. परक्या घराच्या उशीला साबणाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. डोळे उघडायच्या आधी माझा हात आपोआप अंगाखालच्या चादरीवरून फिरला. इकडून तिकडे, नीट, काठापर्यंत. कोरडी होती.

"काय चाचपून राह्यली?" भाभी दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "काही हरपलं का?"

'काही नाही' हे शब्द माझ्या जिभेवर तयारच असतात. मी उठून बसले, पांघरूण बाजूला केलं आणि म्हटलं, "बस इथं." मग तिला धरणाची गोष्ट सांगितली.